शाळेच्या चुलीपाशी कोण?

मी पाचवीत असताना आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायचं काम एका महिला बचत गटाला मिळालं. गटात आमच्या वस्तीतल्या तीन बायका होत्या, त्यातली एक माझी आई. पहिल्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून गेली. दुपारी आली तेव्हा तिच्या हातांना राखेचा वास येत होता. तिला भांडी घासायला बसवलं होतं. तांदूळ निवडायचे नाहीत, फोडणी द्यायची नाही, वाढायचं नाही. कुणी शिवी दिली नाही की भांडण केलं नाही. शाळेतून एवढंच सांगण्यात आलं, "गावातली लेकरं खाणार नाहीत, उगं कशाला वाद?" आईने तीन वर्षं भांडी घासली. कागदावर मात्र ती तिन्ही वर्षं 'स्वयंपाकी' होती.

आज मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे आणि माझा विषय शाळांमधली स्वयंपाकघरं हाच आहे. माझं निम्मं क्षेत्रकार्य मराठवाड्यात आहे आणि निम्मं तमिळनाडूत. या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. अमुक राज्य पुढे, तमुक मागे अशी चर्चा आपण रस्ते, कारखाने आणि दरडोई उत्पन्नावर करतो. पण राज्यातल्या शेवटच्या माणसाचं जगणं कसं आहे हे कळायचं असेल, तर शाळेच्या ताटात काय पडतं आणि ते कुणाच्या हातून पडतं, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न शासनाच्या धोरणाचा आहे आणि दुसरा संस्कृतीचा, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न जातीचे आहेत.

आधी आकडे बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के बालकं खुरटलेली आहेत, म्हणजे वयाच्या मानाने त्यांची उंची कमी आहे. तमिळनाडूत हे प्रमाण २५ टक्के आहे, महाराष्ट्रात ३५.२ आणि गुजरातमध्ये ३९. ही तिन्ही राज्यं उद्योगांत पुढारलेली, तिन्हींकडे पैसा आहे. मग गुजरातच्या आणि तमिळनाडूच्या लेकरांत चौदा टक्क्यांचा फरक कुठून आला? उच्च शिक्षणातही असंच दिसतं. २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणी प्रमाण देशात २८.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.३ आणि तमिळनाडूत ४७ टक्के होतं. सगळेच आकडे महाराष्ट्राच्या विरोधात जातात असं नाही. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, तमिळनाडूचा ५४. म्हणजे ठरवलं तर आपलं राज्यही करू शकतं. प्रश्न काय ठरवायचं आणि कुणासाठी ठरवायचं, याचा आहे.

तमिळनाडूने हे कधी ठरवलं हे पाहायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचं खाणं द्यायचा ठराव केला. खर्चाची मर्यादा होती मुलामागे दिवसाला एक आणा. तेव्हा महापालिकेची सूत्रं पी. त्यागराय चेट्टींकडे होती. ते ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पार्टीचे संस्थापक नेते. उपाशी पोर शाळेत टिकत नाही आणि उपाशी पोरं कुठल्या जातींची असतात, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. याच पक्षाच्या सरकारने पुढच्या वर्षी सरकारी नोकऱ्यांत जातवार वाटा देणारा आदेश काढला. भाकरी आणि प्रतिनिधित्व या तिथे दोन वेगळ्या मागण्या नव्हत्या.

दुसरा टप्पा १९५३ चा. मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकायचा. कागदावर ही योजना साधी, गांधीवादी, श्रमाला मान देणारी दिसत होती. पण परटाच्या पोराने धुणं शिकावं आणि चांभाराच्या पोराने कातडं कापावं, हा तिचा अर्थ लोकांनी लगेच ओळखला. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळधंद्याचं शिक्षण, असं नाव दिलं आणि रान उठवलं. १९५४ मध्ये राजगोपालाचारींना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी के. कामराज आले. ते नाडार जातीचे, शाळा अर्ध्यावर सुटलेले. त्यांनी ती योजना रद्द केली, बंद पडलेल्या शाळा उघडल्या आणि १९५६ पासून शाळांमध्ये दुपारचं जेवण सुरू केलं. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याची व्याप्ती प्रचंड वाढवली. १९८९ मध्ये करुणानिधींच्या काळात ताटात अंडं आलं. सुरुवातीला पंधरवड्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, असं वाढत वाढत ते शाळेच्या पाचही दिवसांवर गेलं. २०२२ मध्ये मु. क. स्टॅलिन यांनी १,५४५ प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेला.

सरकारं एकमेकांच्या कट्टर विरोधकांची आली, पण ताट कुणी मागे घेतलं नाही. प्रत्येकाने त्यात भरच घातली. हे कुणा एका नेत्याच्या दयेने झालेलं नाही. मुलाच्या जेवणावर हात घातला तर निवडणूक हरतो, ही समज तिथल्या राजकारणात मुरली, म्हणून झालं. ही समज म्हणजेच संस्कृती. तिला कुणी भरतनाट्यम किंवा गोपुरं म्हणत नाही, पण लोकांचं जगणं तीच घडवते. आणि ती हजारो वर्षांपूर्वीपासून चालत आलेली नाही. शंभर वर्षांच्या जातविरोधी राजकारणाने ती तयार केली आहे.

आता आपल्याकडचं अंडं पाहू. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय होती. काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं की अंडं द्यायचं असेल तर लोकसहभागातून पैसे उभे करा. ज्या वस्तीतली लेकरं शाळेत जेवतात, तिथल्या लोकांनीच वर्गणी काढून ताटात अंडं घालायचं! जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमकी हीच तक्रार केली होती. सरकारी तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामातून भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असं त्यांनी मांडलं होतं. त्याला आता जवळपास दीडशे वर्षं होतील.

मध्य प्रदेशातही हेच घडलं होतं. २०१५ मध्ये अलीराजपूर, मंडला यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नाकारला. दूध आणि केळी देऊ, पण अंडं नाही. आदिवासींच्या घरात अंडं, मासे, मांस वर्ज्य नाही. मग ते कुणासाठी नाकारलं? जी बालकं ते खाणार होती, त्यांच्या संस्कृतीला त्या निर्णयात जागा नव्हती. ज्यांची मुलं अंगणवाडीत पाऊलही टाकत नाहीत, त्यांची संस्कृती राज्याची संस्कृती ठरली.

यावर एक आक्षेप मला चर्चासत्रांत हमखास ऐकू येतो. तमिळनाडूत बहुतेक सगळेच मांसाहारी, त्यामुळे तिथे अंडं सोपं. महाराष्ट्रात, गुजरातमध्ये शाकाहारी जास्त, लोकभावनेचा विचार करावा लागतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार तमिळनाडूत शाकाहारी लोक जेमतेम अडीच टक्के होते, महाराष्ट्रात सुमारे ४० आणि मध्य प्रदेशात सुमारे ५१ टक्के. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की महाराष्ट्रात साठ टक्के लोक शाकाहारी नाहीत. लोकशाहीत साठ टक्क्यांची भावना का मोजली जात नाही? शिवाय ज्यांना नको त्यांच्या ताटात केळं होतंच. कुणावर अंड्याची सक्ती नव्हती. सक्ती आता झाली आहे, अंडं न मिळण्याची.

याला उत्तर देता येतं, हे कर्नाटकाने दाखवलं. डिसेंबर २०२१ मध्ये ईशान्य कर्नाटकातल्या जिल्ह्यांत शाळांत अंडी सुरू झाली तेव्हा काही मठाधिपतींनी जोरदार विरोध केला. तेव्हा कोप्पळ जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीने कॅमेऱ्यासमोर त्यांना थेट सुनावलं. तिचा व्हिडिओ राज्यभर फिरला. सरकारने माघार घेतली नाही, उलट पुढच्या वर्षी योजना राज्यभर नेली. तिथेही शाकाहारी आहेत, मठ आहेत, मतांची गणितं आहेत. फरक इतकाच पडला की जिला जेवायचं होतं तिचा आवाज या वेळी ऐकू गेला.

अंड्याने इतकं काय होतं, असं विचारणारेही भेटतात. खुरटेपण पाच वर्षांखाली मोजतात, शाळेतलं जेवण त्यानंतर सुरू होतं, हे खरं आहे. म्हणून एका अंड्यातून ३५ टक्के आणि २५ टक्के यांच्यातला सगळा फरक निघत नाही. त्यामागे सर्वांसाठी असलेलं रेशन आहे, चालणारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी औषध महामंडळामुळे दवाखान्यात मिळणारी मोफत औषधं आहेत, मुलींचं शिक्षण आहे. पण शाळेतल्या ताटाचा परिणाम शाळेपाशी थांबत नाही. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात भारतातल्या मध्यान्ह भोजनावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना शाळेत जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये खुरटेपण कमी आढळलं. म्हणजे आज जे अंडं आपण काढून घेतो, ते अजून जन्माला न आलेल्या लेकराच्या ताटातूनही काढून घेतो. आणि ही लेकरं कुठल्या वस्तीतली असतात? त्याच सर्वेक्षणात देशात अनुसूचित जमातींमध्ये खुरटेपणाचं प्रमाण सुमारे ४१ टक्के आणि अनुसूचित जातींमध्ये सुमारे ३९ टक्के होतं. सरासरीच्या आड जात लपते, ती अशी.

इथवर वाचून कुणाला वाटेल, ही तमिळनाडूची जाहिरात चालली आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे, चुलीकडे वळते.

माझ्या क्षेत्रकार्यातल्या एका गावात शाळेच्या स्वयंपाकघरात मी रोज सकाळी जाऊन बसायचे. तिथल्या स्वयंपाक मदतनीस दलित होत्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. हा शब्द आमच्याकडेही आहे, त्यामुळे माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तो तरी नीट उच्चारला जायचा. मोठ्या पातेल्यात अंडी उकळत असायची आणि अक्का सांबारासाठी भाज्या चिरत असायच्या. त्यांना विशेष वेतनश्रेणी आहे, निवृत्तीनंतर लहानशी का होईना पेन्शन आहे. पहिल्या आठवड्यात मला माझ्या आईची आठवण येऊन भरून आलं. वाटलं, इथे तरी हे जमलं. तिसऱ्या आठवड्यात अक्कांनी सहज सांगितलं की वरच्या गल्लीतल्या चार-पाच घरांची मुलं डबा घेऊन येतात. अंडं मात्र घेतात. का, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला टरफल असतं ना."

हे फक्त एका गावात घडतं असं नाही. २०१८ मध्ये तिरुप्पूर जिल्ह्यात एका दलित स्वयंपाकिणीला सवर्ण पालकांनी विरोध केला आणि प्रशासनाने तिचीच बदली केली. आंदोलन झालं, तेव्हा ती परत आली. सप्टेंबर २०२३ मध्ये नाश्ता योजना राज्यभर जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच थुथुकुडी आणि करूर जिल्ह्यांतल्या शाळांत दलित बाईने शिजवलेलं आमची मुलं खाणार नाहीत म्हणून पालक अडून बसले. डिसेंबर २०२२ मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या वेंगैवयल इथे दलित वस्तीला पाणी पुरवणाऱ्या टाकीत मानवी विष्ठा टाकलेली सापडली. टाकी सरकारने बांधली होती. नळही सरकारचेच होते. तपास दोन वर्षं रेंगाळला आणि शेवटी आरोपपत्रात दलित तरुणांचीच नावं आली. वस्तीतल्या लोकांना ते मान्य नाही. जीवनमानाच्या कोणत्याही निर्देशांकात ही वस्ती 'नळाचं पाणी उपलब्ध' याच रकान्यात मोजली जाईल.

द्रविड राजकारणाची ही मर्यादा दलित कार्यकर्ते आणि अभ्यासक अनेक वर्षं मांडत आले आहेत. ब्राह्मणी वर्चस्वाला त्याने धक्का दिला, पण गावात ज्यांच्या हातात जमीन आणि पंचायत आली त्या मधल्या जातींना आपल्या खालच्यांशी कसं वागायचं, हे विचारायचं टाळलं. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती हीच. प्रत्येकाला वर चढायचं आहे, पण पायाखालची पायरी मोडायची नाही.

तरीही दोन्हीकडे सारखंच आहे, असं मी म्हणणार नाही. थुथुकुडी आणि करूरमध्ये पालक अडून बसले तेव्हा लोकप्रतिनिधी आणि अधिकारी शाळेत गेले आणि त्याच बाईच्या हातचं मुलांसोबत बसून जेवले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं नाकारलं, तेव्हा आधी तिलाच काढण्यात आलं आणि देशभर बोभाटा झाल्यावर परत घेण्यात आलं. पूर्वग्रह दोन्ही ठिकाणी होता. शासनाचं पहिलं पाऊल कुणाच्या बाजूने पडलं, यात फरक होता. आणि ते पाऊल कुठे पडेल हे त्या राज्यात जातविरोधी राजकारणाचा धाक किती आहे, यावर ठरतं.

आमच्या शाळेत कुणालाच धाक नव्हता. शाळांमध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला होता. माझी आई भांडी घासायला बसली तेव्हा त्या आदेशाला तीन वर्षं होऊन गेली होती. आदेश तिच्यापर्यंत पोचलाच नाही. शाळेपर्यंत पोचला असेल, तर तो 'गावातली लेकरं खाणार नाहीत' या एका वाक्यापुढे फिका पडला. गंमत म्हणजे हे वाक्य खरं की खोटं, हे कुणी तपासूनही पाहिलं नाही. लेकरांना कुणी विचारलंच नव्हतं.

महाराष्ट्राला फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू करता येत नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापुरात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, म्हणजे मद्रासच्या आदेशाच्या एकोणीस वर्षं आधी. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी सत्याग्रह झाला. सुरुवात आपल्याकडे आधी झाली होती. पण तमिळनाडूत तो विचार सत्तेच्या हिशोबात उतरला आणि आपल्याकडे तो पुतळ्यांत आणि जयंत्यांत थांबला. आपण चळवळ जिवंत ठेवली, हे खरं. पण बजेटच्या वहीत तिला जागा मिळवून देता आली नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. अंड्याचा खर्च शासनाने स्वतःच्या तिजोरीतून करावा, लोकवर्गणीवर टाकू नये. प्रत्येक जिल्ह्यात किती दलित आणि आदिवासी बायका प्रत्यक्ष स्वयंपाक करतात आणि किती जणींना फक्त भांडी आणि झाडलोट दिली आहे, याची माहिती दरवर्षी जाहीर करावी. चुलीपासून कुणाला दूर ठेवलं तर त्यासाठी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांना जबाबदार धरावं. केंद्राने २००९ पासून स्वयंपाकिणीचं मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, असं धरलं आहे. राज्यं त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रात ते आता २,५०० रुपये आहे. या पैशात कुणी सन्मानाने जगू शकत नाही. तिला मदतनीस न म्हणता कर्मचारी म्हणावं आणि कर्मचाऱ्याचा पगार द्यावा.

गेल्या दिवाळीत मी आईला अक्कांचं टरफलाचं बोलणं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "पण पातेलं तिच्याच ताब्यात असतंय ना?" मी हो म्हटलं. "मग ती माझ्या पुढं हाय," आई म्हणाली.

मी वर जे सगळे आकडे दिले, त्यापेक्षा दोन राज्यांमधलं अंतर तिने जास्त नेमकं मोजलं. तिने किती थोडक्यात समाधान मानलं, याचं मला वाईट वाटतं. तिच्या नातवंडांना एवढ्यावर समाधान मानावं लागू नये, यासाठी भांडायचं आहे.

जय भीम.